ना. वा. टिळक : बाप्तिस्म्यापासून ‘देवाचा दरबार’पर्यंत

मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तन यांचा सूर ज्यांच्यामुळे ठळकपणे लाभला, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा विश्वासाकडील प्रवास आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या बायबलच्या ‘नव्या करारा’पासून सुरू झाला; त्यातील गिरिप्रवचनाने, म्हणजे येशूने डोंगरावर शिष्यांना केलेल्या उपदेशाने, त्यांच्या मनाची पकड घेतली. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती समाजात प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. त्याची किंमत मोठी होती, कारण आप्त दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाईंशीही काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राइतकी या प्रवासाची प्रांजळ नोंद मराठीत क्वचितच सापडते. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना दीक्षा मिळून ते पाळक, म्हणजे मंडळीची आध्यात्मिक जबाबदारी वाहणारे सेवक, झाले. त्यांचे खरे धाडस मात्र १९१७ साली दिसते : मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही बंधुत्वाचे स्थान दिले.