पट्टीखालचा पत्रा

प्रीमियर पद्मिनीच्या अंगावरून हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारी चकचकीत पट्टी लांबून एकसलग वाटते. जवळ गेलं की ती तुकड्यातुकड्यांची असल्याचं दिसतं: एक पुढच्या फेंडरवर, दोन दारांवर, एक मागच्या पत्र्यावर. फियाट 1100 चा हा देशी अवतार वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात घडवला. 1964 मध्ये ती ‘डिलाइट’ होती, मग ‘प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 मध्ये ‘पद्मिनी’. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये मात्र कव्हराखाली झाकलेली एखादी खासगी फियाट अजून सापडते. दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि त्याआधी तिचं रंगकाम काढायचं, हे तिच्या मालकाला चुकत नाही.

रंगकामाची बोलणी सुरू झाली की मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: पट्ट्या काढून रंगवणार, की कागद चिकटवून? कागद आणि मास्किंग टेप लावून रंग मारला तर एका दिवसाची मजुरी वाचते. पहिल्या पावसापर्यंत गाडी छान दिसते. मग पट्टीच्या कडेने रंगाला फुगे येऊ लागतात.

दोष रंगाचा नसतो. पट्टी आणि पत्रा यांच्यातल्या फटीत धूळ साचते, धूळ ओल धरून ठेवते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खाडीचा दमट वारा, आणि डोंबिवलीत रासायनिक कारखान्यांची हवा. 2020 च्या सुरुवातीला रासायनिक प्रदूषणाने जिथला रस्ता गुलाबी झाला, तिथे उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची काय कथा! त्यात पट्टी एका धातूची आणि पत्रा दुसऱ्याचा, त्यामुळे ओलीत दोघांमध्ये विजेचा बारीकसा व्यवहार सुरू होतो. स्टेनलेसची पट्टी असेल तर पत्रा खाल्ला जातो, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर बहुधा पट्टीच. पट्टी अडकवण्यासाठी पाडलेली भोकं तर गंजाला आयतीच मिळतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो पट्टीला आतून बाहेर ढकलतो. पट्टी सैल झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी गाड्यांचं खरं दुखणं हेच असतं.

काढण्याचं काम हाताच्या अंदाजाचं आहे. आधी पट्टीच्या वर आणि खाली मास्किंग टेपची रेघ ओढायची, म्हणजे जागा पक्की राहते. मग पट्टी कशाने धरली आहे ते ओळखायचं. खिळीवर नट असेल तर दाराचा हँडल, काच फिरवायची दांडी आणि आतला पॅड उतरवावा लागतो; नटावर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबायचं. घाई केली की खिळी तुटते. स्प्रिंगची क्लिप असेल तर क्लिप कुठे आहे ते चाचपून प्लास्टिकची पाचर नेमकी तिच्याजवळ घालायची आणि थोडं थोडं उचलत पुढे सरकायचं. स्क्रूड्रायव्हर घुसवून एका टोकाला हिसका दिला की पट्टीला मोड पडतो. स्टेनलेसचा मोड मागून ठोकून बराचसा काढता येतो. ताणलेलं पातळ अ‍ॅल्युमिनियम पुन्हा सरळ होत नाही. मारुतीच्या पिढीपासून आलेली रबरी किंवा प्लास्टिकची मोल्डिंग टेपवर चिकटवलेली असेल, तर केस वाळवायच्या यंत्राने ती कोमट करायची आणि मागून मासेमारीचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढत न्यायचा. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर आतून ‘डावं पुढचं दार’ असं लिहून ठेवणारा डेंटर दिसला तर गाडी निर्धास्त त्याच्याकडे सोपवावी.

पट्टी उतरली की जे दिसतं ते पाहून मालकाचा चेहरा पडतो. इथेच लांबी भरून मोकळं होण्याचा मोह होतो. गंज खरवडून निरोगी पत्र्यापर्यंत जायचं, कुजलेला तुकडा कापून नवा वेल्ड करायचा, प्राइमर भोकांच्या कडांपर्यंत पोचवायचा, हे कष्टाचं काम बिलात दिसत नाही आणि म्हणून टाळलं जातं. दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही याच वेळी मोकळी करावीत.

बसवताना जुन्या क्लिपा परत वापरू नयेत. नव्या क्लिपेच्या बुडाशी सीलंट हवंच, नाहीतर त्याच भोकातून पाणी आत जाईल. दारावरची पट्टी कसण्याआधी दार हळूहळू पूर्ण उघडून पाहायचं. बिजागरीकडची कड उघडताना आत वळते, आणि पट्टी दोन मिलिमीटर जरी पुढे आली असली तरी फेंडरचा नवा रंग खरवडते. टेपवाल्या मोल्डिंगला पॉलिशचा अंशही चालत नाही. ताजा रंग नीट सुकू द्यायचा, पृष्ठभाग पुसून कोरडा करायचा, आणि चिकटवल्यावर टेपला पूर्ण जोर यायला साधारण 72 तास द्यायचे. आपल्याकडची छोटी गॅरेजं उघड्यावर चालतात, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

तुकडा हरवला किंवा वाकला तर फियाटवाल्याची पायपीट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुरू होते. कल्याण-शीळ रस्त्याजवळच्या कारखान्यात जुळवलेल्या प्यूजो 309 चे हाल याहून वाईट: 1994 मध्ये उत्पादन सुरू झालं, 1997 मध्ये फ्रेंच भागीदार निघून गेले, आणि ज्या गावात गाडी बनली तिथेही तिची बाजूची पट्टी मागितली तर दुकानदार हसतो. अशा वेळी दुसऱ्या गाडीची पट्टी कापून बसवण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढून टाकाव्यात आणि भोकं वेल्डने बंद करावीत. लांबीने बुजवलेलं भोक दोन पावसाळ्यांत पुन्हा उघडतं.