अहवालातील मराठी अक्षरे का बिघडतात?

संगणकाच्या पडद्यावर नीट दिसणारे मराठी नाव छापील यादीत मात्र प्रश्नचिन्हांची रांग होऊन उमटते, हा अनुभव कार्यालयांना नवा नाही. गुणपत्रिका, वेतनचिठ्ठ्या, पावत्या, लाभार्थ्यांच्या याद्या हे सारे आता 'जास्पररिपोर्ट्स' किंवा 'क्रिस्टल रिपोर्ट्स'सारख्या अहवाल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडते. साठवलेली माहिती उचलायची, ठरलेल्या साच्यात बसवायची आणि पीडीएफ किंवा एक्सेलच्या रूपात द्यायची, हे त्यांचे काम. या प्रवासात एक अक्षर जरी बदलले, तरी पडताळणीच्या वेळी ते नाव दुसऱ्याच व्यक्तीचे ठरू शकते. म्हणूनच बिघाड नेमका कोठे झाला, हे ओळखणे महत्त्वाचे आहे.

मूळ कारण साधे आहे. संगणक अक्षरे नव्हे, तर आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारी पद्धत म्हणजे संकेतन अर्थात एन्कोडिंग. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केले; युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. मात्र दीर्घकाळ मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या फॉण्टमध्ये टंकित होत असे. असा मजकूर मुळात रोमन चिन्हांचाच असतो. फॉण्ट बदलताच त्याचे खरे रूप उघडे पडते. त्यावर नवा फॉण्ट हा उपाय नव्हे. तो मजकूर परिवर्तकाच्या साह्याने युनिकोडमध्येच आणावा लागतो.

लक्षणांवरून निदान

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर काळजीचे कारण कमी. माहिती शाबूत आहे, फक्त निवडलेल्या फॉण्टमध्ये त्या अक्षराचा आकार नाही. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यामुळे त्याआधीच्या फॉण्टमध्ये ते चौकोन होऊन दिसू शकते.

रोमन 'ए'वर तिरपी रेघ आणि त्यामागे चलनाची चिन्हे असा मजकूर पुन्हापुन्हा दिसू लागला, तर फाइल युटीएफ-८ मध्ये आहे, पण ती पश्चिम युरोपीय संकेतनानुसार वाचली जात आहे. युटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट व्यापते. चुकीच्या वाचनात एका 'म'ची तीन परकी चिन्हे होतात. योग्य संकेतन निवडून फाइल पुन्हा उघडली, की मजकूर परत मिळतो. मात्र बिघडलेल्या अवस्थेत ती जतन केली, तर दुरुस्ती अवघड होते.

साधी प्रश्नचिन्हे हे सर्वांत गंभीर लक्षण. देवनागरीला जागाच नसलेल्या संकेतनात मजकूर रूपांतरित झाला, असा त्याचा अर्थ. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मूळ नाव त्यातून परत मिळत नाही. 'एसक्यूएल सर्व्हर'मध्ये एनव्हारचार हा प्रकार न वापरल्यास, किंवा आज्ञेतील मजकुरापूर्वी 'एन' हे अक्षर न लिहिल्यास असे घडते.

मांडणीचे प्रश्न

काही वेळा अक्षरे बरोबर असतात, पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते आणि जोडाक्षरे हलन्त होऊन सुटी पडतात. देवनागरीत चिन्हांचा साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. ती जुळणी स्वतंत्र यंत्रणा करते. 'आयटेक्स्ट'च्या २.१.७ सारख्या जुन्या आवृत्त्यांमध्ये देवनागरीसाठी ती नव्हती. पीडीएफमध्ये फॉण्ट अंतर्भूत केला नसेल, तरीही दुसऱ्या संगणकावर अक्षरे बदलतात.

लांबीचा हिशेबही फसवा असतो. 'महाराष्ट्र' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो; पण युनिकोडमध्ये तो दहा चिन्हांचा आणि युटीएफ-८ मध्ये तीस बाइटचा होतो. 'ओरॅकल'मध्ये रकान्याची लांबी सहसा बाइटमध्ये मोजली जाते. तेथे तीसची मर्यादा ठेवल्यास एवढा एकच शब्द मावतो. साच्यातील चौकटीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली, तर रफार आणि उकार छाटले जातात. शिवाय चौकट मजकुरानुसार वाढण्याची मुभा दिली नसेल, तर लांब नावाचा उरलेला भाग कोणतीही सूचना न देता गाळला जातो.

तपासणी कशी करावी?

उगमापासून टोकापर्यंत एकेक टप्पा तपासणे हाच खात्रीचा मार्ग. प्रथम डेटाबेसमधील नोंद थेट पाहावी. ती बरोबर असेल तर जोडणीचे संकेतन, मग साच्याची फाइल, त्यानंतर फॉण्ट आणि शेवटी निर्यात या क्रमाने जावे. विकसकाच्या संगणकावर नीट चालणारा अहवाल सर्व्हरवर बिघडत असेल, तर 'जावा'ची आवृत्ती पाहावी. २०२२ मधील १८व्या आवृत्तीपूर्वी जावा संगणकाचे स्थानिक संकेतन गृहीत धरत असे. त्यानंतर युटीएफ-८ हेच मूळ संकेतन झाले. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडून अक्षरे बिघडली, तर ती आयात करताना युटीएफ-८ निवडावे, किंवा फाइलच्या आरंभी तीन बाइटची ओळखखूण घालावी.

मराठीपुरती आणखी एक दक्षता आवश्यक आहे. 'सुऱ्या'मधील अर्धा 'र' दोन प्रकारे टंकित करता येतो. दोन्ही रूपे कागदावर सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. त्यामुळे यादीत असलेले नावही शोध घेतल्यावर सापडत नाही. नोंदणीच्या वेळीच एक रूप ठरवून सर्व नावे त्यात आणणे, हाच त्यावरील उपाय.

नवा अहवाल वापरात आणण्यापूर्वी रफार, जोडाक्षरे, 'ॲ' आणि अर्धा 'र' असलेली काही लांब नावे घालून चाचणी प्रत छापून पाहावी. दोष तेथेच उघड झाला, तर नागरिकाला नावाच्या दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागणार नाहीत.