उपग्रहाचा पाऊस आणि मापकातला पाऊस

उपग्रह पाऊस मोजतो, असं आपण सहज म्हणून जातो. तो मोजत नाही, अदमास बांधतो. इन्सॅटसारखे भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ढगाच्या माथ्याचं तापमान टिपतात. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग उंच तर पाऊस जास्त, असा हा हिशेब. पुष्कळदा तो जमतोही. पण उंचावर पसरलेला विरळ, पिंजलेला ढगही थंडच असतो आणि त्यातून जमिनीवर थेंब येत नाही.

खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचे मायक्रोवेव्ह संवेदक ढगाच्या पोटात डोकावतात. जमिनीवरच्या पावसासाठी मात्र त्यांची भिस्त बरीचशी ढगातल्या बर्फकणांवर असते, आणि सह्याद्री नेमका इथेच चकवतो. समुद्रावरचं बाष्प घाट चढताना होणारे ढग बरेचदा बुटके असतात. त्यांत बर्फ फारसा नसतो, तरी ते झोडपून काढतात. त्यामुळे घाटमाथ्यावर उपग्रहाचा आकडा मापकापेक्षा कमी निघतो, याचं जाणकारांना नवल वाटत नाही.

मग मापक खरा आणि उपग्रह खोटा? इतकं सोपं नाही. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड १०० किंवा २०० चौरस सेंटीमीटर. नासा आणि जपानच्या जाक्सा संस्थेच्या जीपीएम मोहिमेतून मिळणारी ‘आयमर्ग’ ही आकडेवारी सुमारे दहा बाय दहा किलोमीटरच्या चौकटीची सरासरी सांगते. ही चौकट २०० चौरस सेंटीमीटरच्या तोंडापेक्षा ५०० कोटी पट मोठी! २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला ७३. ही दोन ठिकाणं वेगळ्या चौकटींत पडतात हे मान्य; पण पाऊस इतका झपाट्यानं बदलत असेल, तर एका चौकटीच्या आतही तो सारखा पडेल असं कोणी धरून चालू नये.

मापकही निर्दोष नसतो. जोराच्या वाऱ्यात थेंब तोंडावरून निसटतात, पाला अडकतो, आणि कलत्या बादलीचा स्वयंचलित मापक मुसळधारेत मोजणीत मागे पडतो.

पडताळणीत सर्वांत जास्त घोळ घालते ती तारीख, असं माझं मत. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि नोंद त्या संपणाऱ्या दिवसाच्या नावे पडते. म्हणून ‘२६ जुलै’चे ते ९४४ मिलिमीटर खात्याच्या हिशेबात २७ जुलैचे. आयमर्गची दैनिक बेरीज जागतिक वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच ते साडेपाच. तारखा नुसत्या शेजारी मांडल्या, की चांगला अंदाजही नापास होतो. उपाय हातातच आहे: आयमर्गचे आकडे दर अर्ध्या तासाचे असतात, ते साडेआठ ते साडेआठ असे बेरजेला घ्यावेत.

‘उपग्रहाचे अंतिम आकडे मापकाशी छान जुळतात, म्हणजे उपग्रह अचूक’ या दाव्यातही मेख आहे. आयमर्गची अंतिम आवृत्ती काही महिन्यांनी येते, ती जमिनीवरच्या मापकांच्या मासिक नोंदींशी जुळवून घेऊनच. त्याच मापकांवर तिची परीक्षा घेणं म्हणजे उत्तरपत्रिका दाखवून पेपर सोडवून घेणं. परीक्षेचे मापक जुळवणीत न वापरलेले हवेत. काही तासांत येणाऱ्या प्राथमिक आवृत्तीला हा आधार मिळालेला नसतो, आणि पुराच्या वेळी हाताशी असते ती हीच.

शेतकऱ्याला हा फरक भरपाईच्या वेळी जाणवतो. राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की अतिवृष्टी धरतात. त्यासाठी बघितली जाते मंडळातल्या केंद्राची नोंद; मोबाइलच्या नकाशात गावावर दिसलेला गडद रंग त्या जागी चालत नाही. अर्थात, मंडळाचं केंद्रही शिवारापासून काही किलोमीटर दूर असू शकतं, आणि मधल्या डोंगराच्या अलीकडे-पलीकडे पाऊस वेगळा पडतो. ही तक्रार उपग्रहाच्या आकड्यानं मिटत नाही, कारण त्याची चौकट डोंगराच्या दोन्ही बाजू एकाच सरासरीत ओढते. तिथे मापकच वाढवावे लागतात.