भूल देण्याच्या यंत्रातील चुना

पिरनवाडीत एखाद्या जुन्या घराच्या भिंतीवर चुन्याचा हात फिरला, की पहिल्या दिवशी भिंत ओलसर, करडी दिसते; पुढे ती पांढरीशुभ्र नि टणक होते. पाणी सुकल्याने हे घडते, असे पुष्कळांस वाटते. ते अर्धेच खरे. विरवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून पुन्हा चुनखडी बनतो. भट्टीने दगडातून हाकलून दिलेला वायूच तो परत घेतो. हाच गुण बेळगावच्या शस्त्रक्रियागृहात, भूल दिलेल्या रुग्णाच्या उशाशी उपयोगी पडतो.

रुग्णाच्या उच्छ्वासात चार-पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. पण पुष्कळसा प्राणवायू आणि महागडे भुलीचे औषधही असते. ते सारे बाहेर सोडावे तर नासाडी, आणि तसेच परत द्यावे तर घात. १९१५ साली अमेरिकेत डेनिस जॅक्सन यांनी हा वायू शोषून घेण्याची युक्ती प्राण्यांवर सिद्ध केली. पुढे राल्फ वॉटर्स यांनी ती रुग्णांसाठी वापरात आणली.

यंत्रातील नळ्यांचे एक वर्तुळ असते. दोन एकमार्गी झडपांमुळे वायू एकाच दिशेने फिरतो आणि वाटेत सोडा-लाइमच्या डब्यातून जातो. या दाण्यांत मुख्यतः विरवलेला चुना, थोडा कॉस्टिक सोडा आणि सुमारे पंधरा टक्के पाणी असते. वायू प्रथम या पाण्यात विरघळतो, सोड्याशी संयोग पावतो, आणि अखेरीस चुन्याच्या स्वाधीन होतो. सोडा पुन्हा मोकळा होतो. या क्रियेत उष्णता निघते, म्हणून काम करणारा डबा हाताला कोमट लागतो. दाणे फार बारीक असले तर श्वासाला अडथळा होतो. फार जाड असले तर वायू न शोषला जाताच निसटतो.

दाण्यांत रंगद्रव्य मिसळलेले असते. चुना संपत आला, की पांढरे दाणे जांभळे होतात. काही जातींत उलट गुलाबीचे पांढरे होतात, तेव्हा आपल्या डब्यात कोणती जात आहे हे आधी ठाऊक हवे. शिवाय जांभळे दाणे रात्रभर विसावले, की रंग फिका पडतो व संपलेला चुना ताज्यासारखा दिसतो! जागा माणूस गुदमरला तर धडपडेल, पण स्नायू शिथिल केलेला रुग्ण काय करणार? म्हणून खरी भिस्त रंगावर नव्हे, तर प्रत्येक श्वासातील वायू मोजणाऱ्या कॅप्नोग्राफवर ठेवावी. आत जाणाऱ्या श्वासात त्याने कार्बन डायऑक्साइड दाखवला, की डबा संपला वा झडप अडकली असे समजावे.

दुसरा धोका याहून फसवा आहे. तो म्हणजे दाणे वाळण्याचा. डेस्फ्लुरेनसारखे औषध कोरड्या सोडा-लाइमवरून गेले, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. बोटाला लावण्याचे नेहमीचे ऑक्सिमीटर त्याला प्राणवायूच समजते आणि आकडा चांगला दाखवते. तीव्र अल्कली वगळलेले नवे दाणे या बाबतीत अधिक सुरक्षित आहेत. पण जेथे जुनेच वापरात आहेत, तेथे रविवारभर प्राणवायूचा प्रवाह चालू राहिलेला आढळला, तर सोमवारी पहिला रुग्ण टेबलावर घेण्यापूर्वी, दाणे पांढरे दिसत असले तरी, डबा रिकामा करून ताजे दाणे भरतात.