पोटातले बिऱ्हाडकरू

कडेगाव असो की सांगली, रात्रीची जेवणे आटोपली की गृहिणीचे शेवटचे काम विरजणाचे. म्हशीचे दूध तापवून कोमट करायचे, बोट बुडवून ऊब पाहायची, चमचाभर दही घालायचे आणि भांडे झाकून ठेवायचे. सकाळी छान घट्ट दही तयार! रात्रभर हे काम करतात ते त्या चमच्यातले असंख्य जंतू. दुधातली साखर खाऊन ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणाने दूध विरजते. दूध फार कढत असले तर ते मरतात, थंडीच्या दिवसांत गारठतात. म्हणून तर आपल्या सासूबाई हिवाळ्यात ते भांडे चुलीजवळ किंवा उबदार फडक्यात गुंडाळून ठेवतात.

इतकी वर्षांची ओळख, तरीसुद्धा ‘जंतू’ म्हटले की आपल्या अंगावर काटा येतो. बाटलीवरच्या जाहिराती सांगतात, सगळे जंतू मारा. पण भगिनींनो, सगळे मारायचे ठरवले तर आपल्यालाच जगणे कठीण होईल!

पावशेराहून कमी, पण कामाचे

आधी एक घोटाळा दूर करू. पोटातले जंत वेगळे आणि जंतू वेगळे. जंत डोळ्यांना दिसतात, त्यांवर औषध घ्यावेच लागते. आपण बोलतो आहोत ते जंतू म्हणजे बॅक्टेरिया, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, आणि शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. एवढे असूनही त्यांचे वजन जेमतेम २०० ग्रॅम. बहुतेकांचे बिऱ्हाड मोठ्या आतड्यात.

हे बिऱ्हाडकरू भाडे चोख देतात. ज्वारीच्या भाकरीतला कोंडा, मटकीचे साल, पालेभाजीचे धागे आपल्या पाचकरसांना पचत नाहीत. ते बॅक्टेरिया आंबवतात, आणि त्यातून निघणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. थोडे ‘के’ जीवनसत्त्वही ते बनवतात. शिवाय सगळ्या खोल्या त्यांनी अडवलेल्या असल्यामुळे रोगाच्या जंतूंना सहजासहजी जागा मिळत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या पोटातल्या अशा जंतूंचा अभ्यास केला आहे. धान्य, डाळी, भाज्या यांवर जगणाऱ्या माणसांत ‘प्रिव्होटेला’ नावाचे बॅक्टेरिया जास्त आढळतात, आणि आपल्या लोकांत ते भरपूर असतात. म्हणजे ताटात जे वाढाल, तसे बिऱ्हाडकरू नांदतात. रोज मैद्याची बिस्किटे आणि पाव दिला, तर त्यांची उपासमारच.

बाळाची पहिली शिदोरी

जन्माच्या वेळी आणि नंतर आईच्या सहवासात बाळाला पहिले बॅक्टेरिया मिळतात. गंमत अशी, की आईच्या दुधात काही शर्करा असतात, त्या बाळाला पचतच नाहीत! त्या आहेत बाळाच्या पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियांसाठी. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तर घाबरू नका, पण अंगावर पाजण्याकडे अधिक लक्ष द्या.

काही घरांतून अजूनही पहिला पिवळसर चीक पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. दोन्ही चूक. चिकात रोगाशी लढणारी द्रव्ये ठासून भरलेली असतात. तो जन्मानंतर तासाभरात पाजावा. मधात मात्र कधीकधी एका घातक जंतूची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्या पोटात रुजून विष तयार करतात. म्हणून वर्ष पुरे होईपर्यंत मध नको. आजेसासूबाई आग्रह करतील, त्यांना गोडीने समजावा. सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही.

कपाटातली अर्धी पट्टी

आता खरी काळजीची गोष्ट. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन आपल्या देशात तयार होऊ लागले. या औषधांनी न्यूमोनियातून, बाळंतरोगातून किती जीव वाचवले! पण आज प्रत्येक घराच्या कपाटात अँटिबायोटिकची एखादी अर्धी पट्टी पडलेली असते. थोरल्याचे उरलेले औषध धाकट्याच्या सर्दीला. सर्दी होते विषाणूने. त्याच्यावर अँटिबायोटिक काहीच करत नाही. मरतात ते पोटातले आपले बिऱ्हाडकरू, म्हणून तर पुष्कळ मुलांना या औषधाने जुलाब होतात. जे चिवट जंतू वाचतात, ते पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. उद्या मुलाला खरोखर न्यूमोनिया झाला तर?

कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत पाहिलेत ना? हिंदू-मुसलमान सगळे मिळून ते उचलतात. एका बाजूचे खांदे निघाले की तोल गेलाच. पोटातही तसेच.

एवढे करा

• गोळ्यांच्या पट्टीवर लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्या. उरलेले जपून ठेवू नका, दुसऱ्याला देऊ नका.

• मुलाला जुलाब झाले तर आधी पाणी भरून काढा. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. शौचात रक्त पडले, मूल मलूल झाले किंवा पाणीही ठरेना, तर तडक दवाखाना.

• आठवड्यात दोन-तीनदा तरी मोड आलेली कडधान्ये आणि रोज एक पालेभाजी ठेवा.

• दही-ताक जरूर घ्या, पण त्यातले जंतू बहुधा पाहुणे असतात, चार दिवस राहून जातात. म्हणून ताक रोजचे असावे.

• हात साबणाने धुवा, विशेषतः शौचानंतर आणि कणीक मळण्यापूर्वी. साधा साबण पुरतो. जंतुनाशक साबणाचा जादा खर्च नको.

आज विरजण लावताना ते कपाटही एकदा उघडा. उरलेल्या पट्ट्या बाहेर काढा, आणि पुढच्या वेळी दुकानदाराकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे जा.