नोंदीवाचून संशोधन आंधळे

कर्करोगावरील संशोधन म्हटले की सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि त्यावर वाकलेला शास्त्रज्ञ उभा राहतो. नोंदवही घेऊन बसलेला कारकून मात्र कोणासच आठवत नाही. आमच्या मते या संशोधनाचे यश जितके शास्त्रज्ञाच्या बुद्धीवर, तितकेच या कारकुनाच्या चिकाटीवर अवलंबून आहे. त्याची उपेक्षा करणे म्हणजे पाया न भरता कळस चढविणे होय.

आसनगावचा रुग्ण लोकल धरून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येतो. १९४१ मध्ये उघडलेल्या या रुग्णालयाने अशा असंख्य खेडुतांना आधार दिला आहे. उपचार होतात, कागद तयार होतो. परंतु पुढे काय? फेरतपासणीची तारीख नेमकी भातलावणीत येते. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. पत्र घरी पोहोचते, तेव्हा घराला कुलूप असते. एकाच स्त्रीचे नाव एका कागदावर माहेरचे, तर दुसऱ्यावर सासरचे असते. रुग्ण बरा झाला की घरीच दगावला, हेच कळले नाही, तर दिलेल्या औषधाचा गुण कशावरून ठरवावयाचा? शिवाय १९६३ मध्ये सुरू झालेली मुंबईची कर्करोग-नोंदणी बृहन्मुंबईच्या रहिवाशांपुरती आहे. केवळ परळला उपचार घेतले म्हणून आसनगावकर तिच्यात मोजला जात नाही.

खेड्यापाड्यांत हे काम व्हावयाचे नाही, असे म्हणणाऱ्यांनी बार्शीकडे पाहावे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी तेथे १९८७ मध्ये सुरू झाली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव फिरले. याच बार्शीच्या आधाराने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात टाटा मेमोरियल व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी केली. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाने त्याची दखल घेतली. प्रत्येक स्त्रीचा वर्षानुवर्षे माग ठेवणारे हात नसते, तर हे घडलेच नसते.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक संशोधन-योजनेच्या खर्चात नोंदणी व पाठपुरावा यांचा वाटा आधीच बाजूला काढावा. शहापूर आणि मुरबाड येथे या कामाकरिता कायम पगाराचा माणूस नेमावा; योजना संपताच त्याची नोकरी संपू नये. ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद व रुग्णालयाचा कागद यांची वेळोवेळी ताळमेळ घालण्याचे काम त्याच्याकडे द्यावे आणि रुग्णाचे गुपित राखण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकावी. गावातील आशा सेविकेस या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. यंत्रांच्या खरेदीस देणग्या मिळतात, कारण यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. नोंदवहीवर ते कोरता येत नाही, एवढ्यावरून तिची किंमत कमी होत नाही.

मुंबई तानसा आणि भातसा यांचे पाणी पिते; हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. त्या तालुक्यातील रुग्णाचे पुढे काय झाले, याची विचारपूस करणे ही या नगरीने करावयाची मेहेरबानी नव्हे, ते तिचे देणे आहे.