‘देवाची इच्छा’ म्हणजे काय?

वाशीम जिल्ह्यात केनवडकडे सोयाबीन पेरून पावसाने ओढ दिली, की ‘देवाची इच्छा’ हे शब्द शेतकऱ्याच्या व त्यास उधारीवर बियाणे देणाऱ्या दुकानदाराच्याही तोंडी सहज येतात. बहुधा त्यात निराशाच अधिक असते. ख्रिस्ती भक्त या शब्दांचा अर्थ काय करतात, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून पाहावे, अशी आमची वाचकांस सूचना आहे.

दुष्काळात त्यांचे आईबाप व थोरली बहीण गेली. 1880 साली भाऊ, 1882 साली पती निवर्तले. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1893 साली पुण्यात धर्मांतराच्या संशयावरून गवगवा होऊन अनेक पालकांनी शारदा सदनातून आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादात पालकांची भीती अगदीच निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्यांस धर्मांतर रुचत नाही त्यांनीही पुढचा पुरावा तपासावा. 1896-97 च्या दुष्काळात ही बाई स्वतः मध्यप्रांतात गेली आणि उपाशी मुली व विधवा यांस घेऊन आली. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, घरे उठविली, विणकाम व छपाई शिकविली. पैसा ईश्वर पुरवील, हा त्यांचा भरवसा. कष्ट मात्र त्यांनी ईश्वरावर सोपविले नाहीत.

1921 साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्यानंतरही, 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवीपर्यंत, रमाबाईंनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम चालूच ठेविले.